गागाकु शिकायचंय? आधी गळ्याने सुरुवात करा

पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मला अधूनमधून विचारतं, "गागाकु ऐकलं, पण काहीच हाती लागलं नाही. सुरुवात कुठून करू?" प्रश्न रास्त आहे. ख्याल, भजन आणि नाट्यसंगीतावर वाढलेला कान पहिल्यांदा गागाकु ऐकतो, तेव्हा त्याला धरायला काठी सापडत नाही. षड्ज धरून ठेवणारा तानपुरा नाही, बोलका तबला नाही. उंच सुरांचा एक न हलणारा पडदा, त्याच्या आतून सनईसारखा पण जास्त रांगडा आवाज, आणि खूप वेळाने पडणारा ढोलाचा एक ठोका.

मी ओसाकात असताना तीन वर्षं एका हौशी मंडळात हिचिरिकी, म्हणजे तो सनईसारखा वाजणारा छोटा बांबूचा पावा, शिकले. ज्या क्रमाने मला हे संगीत उलगडत गेलं, साधारण त्याच क्रमाने इथे मांडते. जपानला जायचं नसेल, वाद्य विकत घ्यायचं नसेल, तरी यातल्या पहिल्या तीन-चार पायऱ्या घरबसल्या करता येतात.

शब्दापासून

'गा' म्हणजे सुसंस्कृत, उच्च अभिरुचीचं. 'गाकु' म्हणजे संगीत. मराठीत याला झटकन 'दरबारी संगीत' म्हणावंसं वाटतं, पण त्याने ऐकणाऱ्याच्या डोक्यात थेट दरबारी कानडा वाजू लागतो. म्हणून मी 'गागाकु' हाच शब्द ठेवते आणि पहिल्यांदा वापरताना 'जपानच्या राजदरबारात आणि देवळांत जपलेलं संगीत' एवढी ओळख देते.

या एका नावाखाली तीन वेगवेगळे प्रवाह आहेत. पहिला जपानच्या स्वतःच्या मातीतला: देवापुढे गायची कागुरा गीतं आणि त्यांचे नाच. दुसरा समुद्रापलीकडून आलेला. चीनमार्गे आलेल्या रचना म्हणजे तोगाकु, कोरियाच्या बाजूने आलेल्या म्हणजे कोमागाकु. तिसरा हेइआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५ या काळात, दरबाऱ्यांनी घडवलेली गाणी: साइबारा आणि रोएइ. नवख्याने तोगाकुपासून सुरुवात करावी. ध्वनिमुद्रणं त्याचीच जास्त मिळतात आणि शिकवलंही बहुधा तेच आधी जातं.

पायरी पहिली: आठवडाभर एकच रचना ऐका

ती रचना म्हणजे 'एतेनराकु'. जपानमध्ये शिंतो पद्धतीच्या लग्नांत ती इतकी वाजते, की गागाकु हा शब्द ठाऊक नसलेल्या माणसालाही ती ओळखीची वाटते. क्यूशूचं 'कुरोदा-बुशी' हे लोकगीतही याच चालीतून निघालं आहे. शोधताना 'ह्योजो' या सुरावलीतली एतेनराकु निवडा, कारण हीच रचना इतर सुरावलींतही वाजते आणि सुरुवातीला गोंधळ होतो. गायन किंवा नृत्य नसलेलं, नुसत्या वाद्यांचं सादरीकरण घ्या. त्याला 'कांगेन' म्हणतात.

पहिल्या दिवशी काहीही समजून घेऊ नका. दुसऱ्या दिवसापासून फक्त कोण कधी येतं ते टिपा. सुरुवातीला र्यूतेकी नावाची आडवी बासरी एकटीच चाल उचलते, सोबत तालवाद्यं असतात. थोड्या वेळाने शो, म्हणजे बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्य, आणि हिचिरिकी येऊन मिळतात. त्यानंतर बिवा आणि मग कोतो या तंतुवाद्यांचा झणत्कार. दिंडी निघताना आधी वीणेकरी, मग टाळकरी, मग बाकीचे असे एकेक करून सामील होतात, तसं हे भरत जातं. शेवटाकडे उलट: एकेक वाद्य गळून पडतं आणि प्रत्येक वाद्याचा म्होरक्या तेवढा चाल मिटवून घेतो. या मिटवण्याला 'तोमेदे' म्हणतात.

चालीचे तीन भाग आहेत. त्यांना क, ख, ग म्हटलं, तर पूर्ण सादरीकरणात ते असे येतात: क क, ख ख, ग ग, पुन्हा क क, ख ख. वही घेऊन बसा आणि प्रत्येक भाग बदलताना खूण करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'ग' भाग आला की हात आपोआप उठेल.

आणि ठोका. मोठ्या ढोलाचा, म्हणजे ताइकोचा, जोरकस ठोका इथे दर सोळा मात्रांनी एकदा येतो. सोळा म्हटल्यावर आपल्याला त्रिताल आठवतो, पण त्याची चौकट इथे बसवू नका. इथला ठोका आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येत नाही. शिवाय लय घड्याळासारखी चालत नाही. मात्रांमधल्या जागेत श्वास असतो आणि सुरुवातीची संथ लय नकळत वाढत जाते. या वाढण्याला जपानी लोक 'जो-हा-क्यू' म्हणतात: प्रस्ताव, मग उकल, मग वेग. आपल्या बड्या ख्यालाकडून द्रुताकडे जाण्याच्या ओढीशी हे नातं मला जवळचं वाटतं, फक्त इथे ते एकाच चालीच्या पोटात घडतं.

पायरी दुसरी: आवाजांना चेहरे द्या

पूर्ण कांगेनमध्ये सोळा वादक असतात: शो, हिचिरिकी आणि र्यूतेकी प्रत्येकी तीन, बिवा आणि कोतो प्रत्येकी दोन, आणि तीन तालवाद्यांचे तिघे.

शो हा तो न हलणारा पडदा. हातात मावणाऱ्या वाटीत सतरा बारीक बांबूच्या नळ्या रोवलेल्या असतात. त्यातल्या पंधराच वाजतात. दोन मुक्या आहेत, पण आकार पुरा व्हावा म्हणून ठेवल्या आहेत. पंख मिटून बसलेल्या फिनिक्ससारखा तो आकार मानतात. नळीच्या तळाशी धातूची पातळ पट्टी असते आणि ती हवेने थरथरते. आपल्या पेटीतला सूर याच तत्त्वावर निघतो, त्यामुळे शोचा आवाज ऐकताना पेटीची दूरची आठवण येते ती उगाच नव्हे. फरक असा, की शो श्वास सोडताना वाजतो तसाच श्वास घेतानाही वाजतो, म्हणून सूर तुटतच नाही. वादक एका वेळी पाच-सहा सूर एकत्र धरतो. अशा जुड्यांना 'आइताके' म्हणतात, आणि एका जुडीतून दुसरीत जाताना बोटं एकदम उचलत नाहीत, एकामागून एक सरकवतात. शोचं खरं कसब त्या सरकवण्यात आहे.

हिचिरिकी माझं वाद्य, म्हणून त्यावर जरा जास्त लिहीन. लांबी वीतभरही नाही, सुमारे अठरा सेंटिमीटर. पुढे सात छिद्रं, मागे दोन. तोंडात धरायची पात चांगली जाड, दोन पाकळ्यांची. एवढ्याशा नळीतून निघणारा आवाज सोळा जणांच्या वृंदाला पुरून उरतो. हजार वर्षांपूर्वी सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने आपल्या 'माकुरा नो सोशी' या पुस्तकात हा आवाज कर्कश रातकिड्यासारखा असल्याची तक्रार केली आहे. तिच्याशी मी सहमत नाही, पण जवळ बसून नवशिक्याचं वादन ऐकलेल्या कुणालाही तिचं म्हणणं पटेल. हिचिरिकीत एकाच छिद्रावर ओठांच्या दाबाने सूर खालीवर सरकवता येतो. या मींडेला 'एम्बाइ' म्हणतात. त्या शब्दाची अक्षरं मीठ आणि आंबट उमे फळ यांची आहेत, म्हणजे पदार्थाला आणलेली चव. माझे गुरुजी म्हणायचे, जास्त झालं तर जेवण वाया. आपल्याकडे 'चवीपुरतं मीठ' लिहितात, तसंच.

र्यूतेकी म्हणजे 'ड्रॅगनची बासरी', सात छिद्रांची. परंपरा म्हणते की शो हा आकाशातून येणारा उजेड, हिचिरिकी जमिनीवरच्या माणसांचा आवाज आणि र्यूतेकी त्या दोहोंमध्ये फिरणारा ड्रॅगन. हे वाक्य जपानमध्ये पाठ म्हटल्यासारखं ऐकू येतं, पण ऐकताना खरंच उपयोगी पडतं. गर्दीत आवाज वेगळे काढायला डोक्यात एक चित्र लागतं.

बाकीचे पटकन. काक्को हा छोटा दुतोंडी ढोल आडवा ठेवून दोन काड्यांनी वाजवतात. वृंदाची लय त्याच्याच ताब्यात, म्हणून तिथे अनुभवी माणूस बसतो. शोको ही टांगलेली काशाची थाळी. बिवा चार तारांची, कोतो तेरा तारांचा. कोमागाकुत शो नसतो, बासरीही वेगळी आणि बारीक असते, त्यामुळे आवाज एकदम मोकळा आणि टोकदार लागतो. हा फरक ओळखू आला की तुम्ही नवखे राहिला नाहीत.

पायरी तिसरी: शोगा म्हणा

खरी सुरुवात इथून होते. ही पायरी गाळून कुणाला पुढे जाऊ देऊ नये असं माझं मत आहे.

गागाकुतली प्रत्येक फुंकवाद्याची चाल आधी तोंडाने म्हटली जाते. त्या म्हणण्याला 'शोगा' म्हणतात. तबल्याचे बोल आपण आधी तोंडी पाठ करतो, मग हातात आणतो, तसंच. पण सरगमसारखं प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच सूर नसतो. अक्षरं चालीचा ओघ, सुराचा खालवर कल, जोर आणि श्वासाची जागा धरून ठेवतात. हिचिरिकीसाठी एतेनराकुची सुरुवात अशी म्हणतात: "ची रा रो रुरो, ता रुरा". म्हणताना स्वर लांबवतात, "चीइ राअ रोओ रुरो", आणि त्या लांबवण्यातच एम्बाइ शिरतं. र्यूतेकीचे बोल थोडे वेगळे असतात.

करायचं असं. पाठ ताठ ठेवून बसा. जपानी पद्धतीने गुडघ्यांवर बसता आलं तर उत्तम, नाही तर मांडी घाला. उजव्या हाताने मांडीवर चार मात्रा संथ मोजा. थाप मारून हात लगेच उचलू नका, सावकाश वर आणा, कारण मात्रा त्या उचलण्याच्या वेळेतही चालू असते. ध्वनिमुद्रणातली हिचिरिकी ऐकत तिच्यामागून म्हणा. आवाज बारीक करू नका. पोटातून, मोकळा, वारकरी अभंग म्हणतो तसा. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. त्यानंतर ध्वनिमुद्रण बंद करून म्हणा आणि शेवटी पुन्हा लावून बघा, तुमची पट्टी आणि लय किती सरकली.

पट्टीची एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवते. गागाकुत 'ए' हा सूर ४३० हर्ट्झला लावतात. आपली पेटी, कीबोर्ड आणि फोनमधलं तानपुऱ्याचं अॅप बहुधा ४४० वर असतं, म्हणून सोबत वाजवून पाहिलं तर काहीतरी कायम खुपत राहतं. अॅपमध्ये आधारसूर बदलायची सोय असेल तर ४३० करा. ह्योजोचा मुख्य सूर पाश्चात्त्य 'ई'च्या जागी येतो.

नोटेशन मिळालं तर घाबरू नका. ते वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. मधल्या ओळीत काताकाना लिपीतले शोगाचे बोल, डावीकडे बारीक अक्षरांत बोटांच्या जागा, उजवीकडे मात्रांचे ठिपके. ठसठशीत मोठा ठिपका म्हणजे ताइकोचा ठोका. जपानीची पहिली पातळी शिकणाऱ्यालाही काताकाना येते, तेव्हा हे वाचायला भाषा आड येत नाही. पण नोटेशनवरून चाल बसवू नका. तो कागद पाठ असलेल्या माणसाला आठवण देण्यासाठी आहे. माझ्या मंडळात पहिले चार महिने आम्हाला वाद्याला हात लावू दिला नाही. तेव्हा मला ते जाचक वाटलं. नंतर पात ओठांत धरली तेव्हा कळलं, की चाल आधीच अंगात होती आणि मला फक्त वाऱ्याशी झगडायचं होतं.

पायरी चौथी: थोडा इतिहास, आणि त्यातला आपला धागा

७०१ च्या ताइहो या कायदेसंहितेने दरबारात संगीताचं स्वतंत्र खातं नेमलं. ७५२ साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरात महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, आणि त्या वेळी आशियाच्या कानाकोपऱ्यांतलं संगीत-नृत्य तिथे सादर झालं. मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान ज्याला मिळाला तो भिक्खू भारतातून आलेला होता: बोधिसेन. ७३६ मध्ये तो जपानला पोहोचला, त्याच्यासोबत आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याचा बुत्तेत्सु नावाचा भिक्खू होता, आणि काही नृत्यरचना या दोघांनी आणल्याचं परंपरा मानते.

त्यातली एक नक्की बघा: 'कार्योबिन'. चार लहान मुलं पाठीला पंख लावून, हातात छोट्या झांजा घेऊन नाचतात. नाव संस्कृत 'कलविंक' वरून आलं आहे, सुखावती या बौद्ध स्वर्गात गोड आवाजात गाणारा पक्षी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या आसपास पक्ष्याचं अंग असलेले किन्नर रंगवले आहेत. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, पण ती भिंत बघून मग कार्योबिन बघितलं की पोटात काहीतरी हलतं. बिवा ज्या बेंझाइतेन देवीच्या हातात असते ती मूळची आपली सरस्वती, हेही लक्षात ठेवा.

नृत्यासह होणाऱ्या गागाकुला 'बुगाकु' म्हणतात. डावे नाच तोगाकुवर, तांबूस पोशाखांत. उजवे कोमागाकुवर, हिरवट पोशाखांत. 'गेंजीची कथा' या जुन्या जपानी कादंबरीत राजपुत्र गेंजी आणि त्याचा मित्र तो नो चूजो शरदातल्या लाल पानांखाली 'सेइगाइहा', म्हणजे निळ्या समुद्राच्या लाटा, हा नाच करतात. तो नाच आजही होतो.

मग पडझड. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योतो जळलं, वादक घराणी पांगली. शो वाजवणाऱ्या घराण्यातल्या तोयोहारा सुमिआकीने १५१२ मध्ये 'ताइगेन्शो' हा मोठा ग्रंथ लिहून ठेवला, कारण माणसंच उरली नाहीत तर विद्या कुठून उरणार, ही भीती समोर उभी होती. पुढे क्योतो, नारा आणि ओसाकाचं शितेन्नोजी या तीन ठिकाणच्या वादकांना एकत्र करून परंपरा सावरली गेली. १८७० मध्ये तोक्योत गागाकुचं सरकारी खातं उभं राहिलं आणि तिन्हीकडचे वादक तिकडे गेले. वेगवेगळ्या घराण्यांची वळणं एक करून प्रमाण नोटेशन तयार झालं. त्याने बरंच वाचलं, आणि निवडीत न आलेल्या रचना वापरातून गेल्याही. आजच्या सम्राटाच्या संगीत विभागातले वादक याच धाग्याचे. त्यांच्या गागाकुला १९५५ मध्ये महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गागाकु आलं. हेच वादक पाश्चात्त्य वाद्यंही शिकतात आणि राजवाड्यातल्या मेजवान्यांत ती वाजवतात.

पायरी पाचवी: एकदा तरी समोर बसून ऐका

शोचा आवाज ध्वनिमुद्रणात सपाट होतो. प्रत्यक्षात तो कुठल्या दिशेने येतोय ते कळत नाही, आणि तेच त्याचं मर्म आहे. जपानला जाणार असाल तर तारखा बघून तिकीट काढा.

ओसाकाच्या शितेन्नोजीत २२ एप्रिलला राजपुत्र शोतोकुच्या स्मरणार्थ 'शोर्यो-ए' होतो. तळ्यावर बांधलेल्या दगडी मंचावर दुपारपासून संध्याकाळपर्यंत बुगाकु चालतं. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगली जागा नाही: उघडं आकाश, मोठमोठे ढोल, आणि विधी व संगीत यांची गाठ डोळ्यांनी दिसते. नाराच्या कासुगा वाकामिया देवळाचा 'ओनमात्सुरी' ११३६ पासून चालत आला आहे. १७ डिसेंबरला रात्री उशिरापर्यंत गवतावर बुगाकु होतं. थंडी हाडं गोठवते, तेव्हा मोजे दोन जोड आणि गरम पाण्याची बाटली न्या. मियाजिमाच्या इत्सुकुशिमा देवळात जुन्या चांद्र पंचांगातल्या सहाव्या महिन्याच्या सतराव्या तिथीला 'कांगेन-साइ' होतो, त्यात होड्यांमधून वाद्यं वाजवत समुद्रावर फिरतात. तारीख दर वर्षी बदलते. तोक्योच्या राजवाड्यातलं शरदातलं सादरीकरण बघायला आधी अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव यावं लागतं. तोक्योचं राष्ट्रीय नाट्यगृह २०२३ च्या ऑक्टोबरपासून पुनर्बांधणीसाठी बंद आहे, त्याचे कार्यक्रम इतर सभागृहांत होतात.

दर शरदात नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन भांडारातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरतं. आठव्या शतकातली वाद्यं त्या भांडारात आहेत, त्यातली शिंपल्याच्या नक्षीची पाचतारी बिवा जगात एकमेव उरलेली मानतात. उंटावर बसून बिवा वाजवणारा माणूस तिच्यावर शिंपल्यात जडवला आहे. दर वर्षी वेगळ्या वस्तू बाहेर काढतात, त्यामुळे यादी आधी बघा.

पुण्याच्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून उभं राहिलं, त्या ओकायामात मेइजी काळाच्या (१८६८ नंतरच्या) सुरुवातीला गागाकुतून 'किबिगाकु' नावाची स्थानिक शाखा निघाली. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलात तर चौकशी करा.

देवळात ऐकताना हे सभागृह नाही हे विसरू नका. पुजारी नमस्कार करतात तेव्हा उभं राहायला सांगितलं तर उभं राहा, टाळ्या इतरांनी वाजवल्या तरच वाजवा, आणि फोटोची मनाई असेल तर फोन पिशवीत ठेवा. काही विधी, उदाहरणार्थ डिसेंबरात राजवाड्यात होणारा मिकागुरा, बाहेरच्यांसाठी नाहीतच. तो हट्ट धरू नये.

पायरी सहावी: गुरू आणि वाद्य, याच क्रमाने

जपानमध्ये मोठ्या देवळांशी जोडलेली आणि स्वतंत्र, अशी हौशी मंडळं बरीच आहेत. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा सराव असतो. परदेशी माणसाला नाही म्हणतील अशी भीती मला होती. प्रत्यक्षात त्यांनी एकच विचारलं, दर वेळी येणार का? नियमित येणं हीच तिथली फी समजा. अमेरिकेत असाल तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००६ पासून गागाकुची वाद्यं शिकवली जातात. भारतातून शिकायचं तर शोगा ऑनलाइन शिकता येतो, पण हिचिरिकीचा ओठ आणि शोची बोटं कुणीतरी समोर बसून दुरुस्त करावी लागतात.

वाद्य घेताना हिचिरिकी आणि र्यूतेकी प्लास्टिकची मिळते, काही हजार येनला. सरावाला ती पुरेशी आहे. बांबूची र्यूतेकी, सालीने गुंडाळून लाख लावलेली, नंतर गुरूला विचारून घ्या. शो खूप महाग असतो आणि त्याची निगा कडक: वाजवण्याआधी, मध्ये आणि नंतर निखाऱ्यावर किंवा छोट्या विजेच्या शेगडीवर फिरवून तो कोरडा ठेवावा लागतो, नाही तर श्वासाच्या वाफेने सूर बिघडतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात शो सांभाळणं हे एक वेगळंच काम आहे.

हिचिरिकीची पात वाजवण्याआधी कोमट हिरव्या चहात भिजवतात. घाईत कोरडी पात ओठांत दाबून मी एक चांगली पात चिरली होती, आणि नवी पात तयार व्हायला किती हातांतून जावं लागतं हे तेव्हा मंडळातल्या एका ज्येष्ठाने मला बसवून सांगितलं. त्यातूनच पुढची पायरी समजली.

पायरी सातवी: वाद्याच्या मागचं रान बघा

गागाकु जपणं म्हणजे ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणं जपणं, असं आपण धरून चालतो. पण हिचिरिकीची पात ज्या बोरूपासून बनते तो उत्तम दर्जाचा बोरू ओसाका आणि क्योतोच्या मध्ये, योदो नदीकाठी उदोनो इथे वाढतो. सुमारे ७५ हेक्टरांचं ते रान. दर फेब्रुवारीत ते जाळतात, म्हणजे वेली आणि तण मरतात आणि बोरू पुन्हा जोमाने उगवतो. हवामान आणि मग कोरोनाची साथ यांमुळे सलग दोन वर्षं जाळणी झाली नाही, आणि वेलींनी बोरूला असा विळखा घातला की कापणीला पुरेसा मालच मिळेना. वादक स्वतः कोयते घेऊन वेली उपटायला गेले. २०२२ मध्ये जाळणी पुन्हा सुरू झाली. याच रानावरून जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाची काळजी वेगळीच.

शोसाठी सर्वांत चांगला बांबू 'सुसुदाके': गवती छपराच्या जुन्या घरांत चुलीच्या धुराने दशकानुदशकं माखलेला. तशी घरंच पाडली जात आहेत, तर तो बांबू कुठून येणार? बिवा आणि कोतोच्या रेशमी तारा बिवा तळ्याच्या उत्तरेला काही मोजके कारागीर अजून पिळतात. कोकणातल्या कौलारू घराचा वासा काढताना ज्यांना वाईट वाटलं आहे, त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून मदत करायची असेल तर कार्यक्रमाचं तिकीट काढा, आणि शक्य असेल तेव्हा बोरूची कापणी, जाळणी यांसारख्या कामांत स्वयंसेवक म्हणून नाव द्या. ओसाकात राहणारे मराठी लोक कमी नाहीत.

पायरी आठवी: मराठीत पुढे द्या

सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या कथासंग्रहांत एक गोष्ट येते. शोच्या एका गुप्त रचनेचं ज्ञान तोयोहारा घराण्याच्या वडिलांनी मुलगा लहान असल्याने योशिमित्सु या सरदाराला दिलं आणि ते वारले. योशिमित्सु युद्धावर निघाला, तेव्हा मुलगा तोकिआकी त्याच्या मागोमाग गेला. योशिमित्सुने आशिगारा डोंगरात, चांदण्यात, ढालीवर बसून ती रचना त्याला शिकवली आणि परत पाठवलं: मी मेलो तर हे माझ्यासोबत जाऊ नये. गोष्ट किती खरी हे बाजूला ठेवा. गुपितसुद्धा योग्य माणसापर्यंत पोहोचवायचं असतं, हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्याला काय करता येईल? मराठीत गागाकुवर जेमतेम मजकूर आहे. लिहाल तेव्हा जपानी नावांचं एकच लेखन ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा: र्यूतेकी लिहिलं तर पुढच्या परिच्छेदात रियुतेकी नको. शोला बासरी म्हणू नका, हिचिरिकीला 'जपानी सनई' म्हणणं एकदाच, ओळख करून द्यायला. रचना हजार वर्षांची असली तरी तिचं ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं असतं. दुसऱ्याच्या वादनाचा तुकडा विचारल्याशिवाय चढवू नका, दुवा द्या. आणि 'हजार वर्षं जसंच्या तसं' असं लिहू नका. काही अभ्यासकांनी जुनी नोटेशनं वाचून असा निष्कर्ष काढला आहे की पूर्वी या चाली आजच्यापेक्षा खूप जलद वाजत. यावर वाद आहे, पण एवढं नक्की की ही परंपरा जिवंत माणसांनी बदलत, सावरत आणली. तोरु ताकेमित्सु यांनी १९७३ मध्ये याच वृंदासाठी 'शूतेइगा' ही नवी रचना लिहिली, तीही आता या संगीताचाच भाग झाली आहे.

पण लेखापेक्षा चांगली वाट घरात आहे. एखाद्या रविवारी चार जण जमवा. एकाला "ची रा रो रुरो" द्या. दुसऱ्याला बासरीची चाल गुणगुणू दे. तिसरा टेबलावर संथ मात्रा मोजेल आणि सोळांत एकदाच, ध्वनिमुद्रणात ताइको पडतो तिथे, तळहात जोरात टेकवेल. चौथ्याने पेटीवर मधल्या सप्तकातली तीन-चार शेजारची सुरं एकत्र दाबून धरावीत, भाता हळू चालवत, कुठेही न तोडता. पेटी ४४० ची असेल तर त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याच पट्टीत गा. पहिल्या वेळी हसू येईल, दुसऱ्या वेळी कुणाचा तरी ठोका चुकेल. तिसऱ्यांदा 'ख' भागात जाताना चौघंही एकाच वेळी श्वास घ्याल.